बारा अक्षरांची ओळ

आंबेखिंड हे गाव एका व्हिडिओ गेममध्ये आहे, आणि सत्तावीस वर्षांनी तो गेम नव्यानं निघणार असल्याची नोटीस एका दुपारी गावच्या चावडीवर लागली. दुपारीच लागली, कारण आंबेखिंडीत दुपारच असते. गेम बनवणाऱ्यांनी त्या काळी एकच ऊन काढलं होतं आणि ते बारमाही पुरवलं होतं.

नोटिशीत म्हटलं होतं, की ‘काळदरीची मोहीम’ या मूळ खेळातील सर्व घरे, झाडे, जनावरे व रहिवासी यांचे नूतनीकरण करण्यात येत असून, मूळ आणि नवे यांतील फरकांबाबत कोणाची हरकत असल्यास त्याने चावडीवर समक्ष हजर राहावे. खाली सही होती, मयूरेश देवधर, नूतनीकरण अधिकारी. गावानं नोटीस वाचली आणि सगळे आपापल्या जागेवर परत गेले. जागा सोडून फार वेळ उभं राहायची कुणाला सवय नव्हती.

गावाचा कारभार तसा सरळ होता. तलवार लावलेला एखादा वीर यायचा, राणबाच्या दुकानातून काढा घ्यायचा, दोनचार घरांत शिरून मडकी फोडायचा आणि काळदरीतल्या दैत्याला मारायला निघून जायचा. प्रत्येक रहिवाशाला ठरलेल्या ओळी होत्या. वीर समोर आला की त्या म्हणायच्या, पुन्हा आला की पुन्हा म्हणायच्या. कुणाला दोन ओळी, कुणाला तीन. सरपंचांना नऊ होत्या आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

वेशीपाशी भागूआक्का उभी असे. तिच्या वाट्याला चार ओळी आल्या होत्या. गावातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वीराला ती म्हणायची:

जातो म्हणू नये.
येतो म्हणावं.
पोरगा माझा गेला.
जाताना म्हणाला, जातो.

यानंतर वीरापुढे दोन शब्द उमटत, जातो आणि येतो. ज्यानं येतो निवडलं त्याला पुन्हा गावात यायला वाट असे. ज्यानं जातो निवडलं त्याच्या नकाशावरून आंबेखिंड पुसली जाई, ती कायमची. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण वीर लोक घाईत असत आणि घाईत बोट कुठंही पडतं. असे पुष्कळजण आक्काच्या डोळ्यांदेखत गेले. त्यातला एकही परत आला नाही. नियम म्हणजे नियम.

तेव्हा आक्काचा पोरगाही येणार नव्हता, हे उघड होतं. आक्काला ते कळत होतं. तरी ती वाटेकडे तोंड करून उभी राही, आणि मनात त्याच्यावर चिडलेली असे. एवढा वाढवलेला पोरगा, उंबऱ्यावरून निघताना आईला जातो म्हणतो? कुणी शिकवलं हे याला? सत्तावीस वर्षं तिनं हा राग नीट जपला होता, कारण राग धरला की पोरगा आठवणीत राहतो, असा तिचा अनुभव होता.

देवधर आले ते मोजमापाची फीत आणि कागदांचं बाड घेऊन. पुण्याकडचा माणूस, तिशीचा, बोलायला मऊ. त्यांनी चावडीत टेबल मांडलं आणि फरकांची यादी वाचून दाखवली. कोंबड्या आतापर्यंत सहा चौकोनांच्या होत्या, त्यांना पिसं येतील. विहिरीत पाणी येईल. आजवर विहिरीत निळा रंग होता आणि लोक तोच भरून नेत. माणसं आतापर्यंत चारच दिशांना चालत, यापुढे त्यांना तिरकंही चालता येईल. राणबानं लगेच तिरकं चालून पाहिलं आणि तीन वेळा पिंपळावर जाऊन आदळला. वीर घरात शिरून मडकी फोडू लागला तर घरच्यांना त्याला दोन शब्द बोलता येतील, हे वाचल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन शब्दच का, अशी विचारणा केली.

“आणि दिवस मावळेल,” देवधर म्हणाले.

सभेत चुळबुळ झाली. सरपंच उठले. “मावळंल म्हंजे जाईल?”

“हो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवतो.”

“कोण आणतं त्याला?”

“आपोआप उगवतो, सरपंच.”

“तसं लेखी द्या.”

देवधरांनी लेखी दिलं. कागद चावडीत चिकटवण्यात आला आणि गाव बऱ्यापैकी शांत झालं.

मग देवधरांनी सतरावा नियम वाचला. मूळ खेळात ज्या व्यक्तीचा नुसता उल्लेख आहे पण जी कुठे दिसत नाही, अशी प्रत्येक व्यक्ती नव्या खेळात दाखवावी; दाखवणे शक्य नसल्यास तो उल्लेख वगळावा. वाचून झाल्यावर त्यांनी कागदावरून नजर वर केली आणि विचारलं, “भागीरथी खोत कोण?”

आक्का पुढं झाली. वेस सोडून ती एवढ्या लांब पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत हे तिला समजत नव्हतं.

“आक्का, तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत एक मुलगा आहे. तो आम्हाला कुठेच सापडला नाही. घरात नाही, शेतात नाही, काळदरीतही नाही. त्याचं चित्रच नाही.”

“गेलाय त्यो.”

“ते ओळीत आहे. पण आता त्याला दाखवायचं तर काढावा लागेल. मी विचारतो, तुम्ही सांगा. नाव?”

“पोरगा.”

“पोरगा हे नाव?”

“चारच ओळी हुत्या साहेब. त्यात नाव कुटं घालणार?”

देवधरांनी तो रकाना मोकळा सोडला. “उंची?”

आक्कानं हात वर केला. खांद्याशी थांबला, मग डोक्यापाशी नेला, मग परत खांद्याशी आणला. हात हवेत तसाच राहिला. तिला आठवत नव्हतं असं नाही. आठवायला काही नव्हतंच. सत्तावीस वर्षं ज्याची वाट बघितली त्याचं तोंड तिला कधी कुणी दिलंच नव्हतं. पोरगा एवढा शब्द होता, आणि तो गेला हा दुसरा.

“रंग? केस? चालणं कसं?”

“साहेब,” आक्का म्हणाली, “तुमी उद्या इचारा.”

“आक्का, इथं अजून उद्या नाही.”

“मग जरा वेळानं इचारा.”

देवधरांनी जरा वेळ दिला. पण सांगायचं ते त्यांनी सांगून टाकलं, माणूस सरळ होता. वर्णन मिळालं नाही तर दोन्ही ओळी जातील. शिवाय वर्णन मिळालं तरी अडचण उरतेच. मुलगा जातो म्हणाला आहे, आणि जातो म्हटलेल्याला गावात आणता येत नाही. नव्या खेळातही हा नियम तसाच ठेवला आहे, लोकांना तो आवडतो.

“आन् ओळी गेल्या तर?”

“तर तुम्हाला दोन ओळी राहतील. जातो म्हणू नये, येतो म्हणावं.”

“तसं न्हवं. पोराचं काय?”

देवधरांनी टोपण लावलेल्या पेनाकडे पाहिलं. “ओळ गेली की मुलगा गेला. तुम्हाला मुलगा होता हे तुम्हालाही आठवणार नाही. त्रास काही होत नाही, असं आम्हाला सांगितलंय.”

आक्का वेशीवर न जाता थेट राणबाच्या दुकानात गेली. राणबा काढे विकायचा. त्याचं दुकान म्हणजे एक फळी आणि फळीमागं राणबा, सत्तावीस वर्षं उभाच. नव्या खेळात त्याला स्टूल मंजूर झालं होतं आणि त्या आनंदात तो होता. आक्काचा चेहरा पाहून त्यानं आनंद बाजूला ठेवला.

“तू बघितलंस का रे माझ्या पोराला? कधी काढा न्यायला आला असंल.”

राणबानं प्रामाणिकपणे विचार केला. “आक्का, मला तीन ओळी. काढा पायजे का, कडू हाय, आन् पुन्हा या. यात कुणाचं पोरगं आलं आन् गेलं, मला काय ठावं?”

आक्का फळीला टेकून खाली बसली. राणबा फळीवरून वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, “एक सांगू? माझं तोंड लिहून दे.”

“काय?”

“तसं बी गावातल्या सात बाप्यांचं तोंड एकच हाय. माजं, न्हाव्याचं, पुजाऱ्याचं, सगळ्यांचं. रंग तेवढा बदलतोय पटक्याचा. त्यात अजून एक खपून जाईल. साहेब काय बघत बसणार हाय?”

ही गोष्ट खरी होती. मूळ खेळ बनवणाऱ्यांनी पुरुषाचा एकच चेहरा काढला होता आणि काटकसरीनं वापरला होता. गावात यावरून कधी भांडण झालं नव्हतं. न्हावी दाढी करताना आरशाऐवजी समोरच्या गिऱ्हाईकाकडे बघत असे.

आक्कानं राणबाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चांगलं तोंड होतं, वाईट म्हणायला जागा नव्हती. सहज खपलं असतं. पण ते लिहून दिलं की तेच कायमचं होईल, आणि वाटेकडे बघताना आपण राणबाची वाट बघतोय असं वाटत राहील.

“नको,” ती म्हणाली. “माझ्या पोराला उसनं तोंड नको. न्हाई तर न्हाई.”

“मग पुसून जाईल आक्का.”

“ठावं हाय.”

आणि ती रडली. मूळ खेळात कुणालाही डोळ्यांतून पाणी काढायची सोय नव्हती, म्हणून ती नुसतीच थोडी हलली. राणबानं फळीवरचा एक काढा तिच्याकडे सरकवला. कडू आहे, असं त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

जरा वेळ संपला तेव्हा देवधरांनी स्वतःच राणबाच्या दुकानात माणूस पाठवला. आक्का आली ती अंगावरचा पदर आवरून, हिय्या करून. वर्णन नाही, पण ओळी सोडणार नाही, एवढं सांगायचं तिनं ठरवलं होतं. हवं तर माझी पहिली ओळ घ्या. हवं तर मलाच घ्या.

पण देवधर तिच्याकडे बघतच नव्हते. टेबलावर एक जुनी वही उघडी होती, रेघी, दोनशे पानी, कोपरे मुडपलेली.

“आक्का, बसा. हा खेळ ज्यांनी लिहिला ना, ते मुळीक मास्तर. कोल्हापुरात एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसून त्यांनी सगळ्यांच्या ओळी या वहीत लिहिल्या. मूळ आणि नवं ताडून बघायला म्हणून मी वही मागवली होती. ती आत्ता पोचली.”

आक्का बसली नाही. आपल्याला लिहिणारा कुणी माणूस होता आणि तो मास्तर होता, हे ऐकून तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. गावातल्या सगळ्यांनाच शुद्धलेखन येत होतं, त्याचं काहीतरी कारण असणारच.

“मूळ खेळात पडद्यावर ओळीला जागा किती होती, माहितीये? बारा अक्षरं. स्वल्पविराम, पूर्णविराम, मधली मोकळी जागा, सगळं धरून बारा. तेराव्याला जागा नाही. तुमची चौथी ओळ मोजा बरं.”

आक्कानं बोटांवर मोजायला घेतलं. जाताना म्हणाला, जातो. तीन अक्षरं, एक मोकळी जागा, पुन्हा तीन, स्वल्पविराम, जागा, दोन, आणि शेवटी टिंब. बारा भरली.

“काठोकाठ,” देवधर म्हणाले. “मला तिथंच शंका आली. आता वहीतली ओळ ऐका.” त्यांनी बोट ठेवलं आणि चावडीत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “जाताना म्हणाला, जातो आन् येतो.”

दारात गर्दी केलेल्यांपैकी एक बाई “अगं बाई” म्हणाली.

“परत वाचा,” आक्का म्हणाली.

“जाताना म्हणाला, जातो आन् येतो.”

“म्हंजे त्यो म्हणाला हुता.”

“म्हणाला होता. पडद्यावर मावलं नाही. कापणाऱ्यानं कापलं आणि बारा अक्षरांवर टिंब देऊन ठेवलं.”

आक्का तेव्हा बसली. सत्तावीस वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं, आणि इतकं हलकं वाटायची सवय नसल्यानं तिनं टेबलाची कड धरली. पोरगा नीट वागला होता. आईला सांगून, रीतीनं बोलून गेला होता. तिनं त्याला किती शिव्या घातल्या होत्या मनात! “माजं सोन्यासारखं पोरगं,” ती म्हणाली, आणि मग हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलं, आणि यावेळी डोळ्यांतून पाणीही आलं, कारण नूतनीकरण तिथवर पोचलं होतं.

सरपंचांना मात्र पुढचं कळायला हवं होतं. “पण साहेब, त्याचं वर्णन कुटं हाय?”

“वर्णनाची गरज उरली नाही,” देवधर म्हणाले. ते आता कामावर आले होते. “सतरावा नियम नुसता उल्लेख असलेल्यांना लागू आहे. हा उल्लेख नाही. येतो म्हणून वेशीबाहेर पडलेला माणूस हा रहिवासी असतो, बाहेर गेलेला रहिवासी. त्याला वगळता येत नाही. आणि येतो म्हटलेला परत येतो, हा तर मूळ खेळाचाच नियम आहे. तो आम्ही बदललेला नाही.”

त्यांनी तसा आदेश लिहिला, शिक्का मारला आणि एक प्रत आक्काला दिली. नाव, उंची, रंग, केस या सगळ्या रकान्यांसमोर त्यांनी एकच शब्द लिहिला होता, आल्यावर.

नवा खेळ निघाला त्या दिवशी आंबेखिंडीत सकाळ झाली. लोक दारात उभे राहून ती बघत होते. सरपंचांनी चावडीतला कागद काढून आणला होता, पण त्याची गरज पडली नाही, सूर्य लेखी दिल्याप्रमाणे उगवला. कोंबड्या आपल्या पिसांना दचकत होत्या. राणबा स्टुलावर बसला आणि बसल्याबसल्या एक मोठा सुस्कारा सोडला, तो गावभर ऐकू आला.

आक्का वेशीवर होती. ओळ लांबली होती, तरी तिनं ती दोनतीन वीरांना न अडखळता म्हणून दाखवली. उन्हं जरा वर आली तेव्हा खालच्या वळणावर कुणीतरी दिसलं. दिसलं असं म्हणणंही बरोबर नाही. पुरुषभर उंचीची एक कोरी जागा पायवाटेनं चढत येत होती. ती जिथं असे तिथलं गवत आणि आभाळ दिसत नसे, यावरून ती कळत होती.

देवधर फाईल घेऊन वेशीपाशी आले. “आक्का, ओळख पटवावी लागेल.”

कोरी जागा वेशीत येऊन थांबली. “आई,” ती म्हणाली, “आलो.”

आक्कानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आक्काच्या मनात एकही शंका नव्हती, आणि तोंड उघडल्यावर जे आलं ते तिच्या कुठल्याच ओळीत नव्हतं.

“किती वाळलायस रे!”

कोरी जागा लगेच अरुंद झाली. तिला खांदे आले, हडकुळे, आणि लांब हात आले.

“आन् उन्हातानात हिंडून काळा पडलायस सगळा.”

हातांना रंग चढला.

“केस बघ, केस! कापायला कुणी भेटलं न्हाई व्हय? आन् वहाणा कुटं सोडल्यास?”

मानेवर रुळणारे केस आले. खाली दोन अनवाणी पाय उमटले, धुळीनं भरलेले, डाव्या अंगठ्याला ठेच लागलेली. तो पाय मागं घ्यायला लागला तशी आक्का आणखी चिडली आणि चिडता चिडताच तिनं दोन्ही हात त्याच्या केसांखाली धरले, जिथं अजून काहीच नव्हतं.

“तोंड बघ केवढंसं झालंय,” ती म्हणाली.

आणि तिच्या तळहातांत एक तोंड आलं. लहानसं होतं, सुकलेलं, नाक जरा मोठं. गावातल्या सात पुरुषांतल्या कुणासारखंही नव्हतं. आक्का ते पहिल्यांदा बघत होती आणि त्यात तिला अनोळखी असं काहीच सापडलं नाही.

“चल, जेवून घे आधी,” ती म्हणाली, आणि त्याला दंडाला धरून घरी घेऊन गेली.

थोड्या वेळानं एक वीर वेशीवर आला. काढे घेऊन झाले होते, मडकं फोडल्याबद्दल बोलणीही खाऊन झाली होती, आणि आता त्याला काळदरीकडे निघायचं होतं. वेशीवर कुणीच नव्हतं, म्हणून वाट उघडत नव्हती. तो तिथल्या तिथं दोनचार उड्या मारून पाहू लागला.

“जरा थांबावं लागेल,” देवधर त्याला म्हणाले. “आक्का लेकाला वाढतायत.”

वीरानं तलवार भिंतीला टेकवून ठेवली आणि सावली बघून खाली बसला. घराच्या खिडकीतून आक्काचा आवाज येत होता. नको म्हणजे काय, ती विचारत होती, अजून एक भाकरी खाल्ल्याशिवाय मी उठू देणार नाही.